अंजिरात मेलेली गांधीलमाशी असते म्हणे! एकेक मुद्दा बघूया

तो अंजिराचा मेसेज परत फिरायला लागलाय. मजकूर साधारण असा, की अंजीर हे फळ नाहीच, प्रत्येक अंजिरात एक गांधीलमाशी मरून पडलेली असते, झाड तिला फसवून आत घेतं आणि पचवतं, दाताखाली कुरकुर लागतात ती तिची अंडी, म्हणून अंजीर मांसाहारी. सोबत अळ्या वळवळणारा एक व्हिडिओ. मी कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते, कीटक आणि झाडं यांचं नातं हाच माझ्या अभ्यासाचा विषय आहे, आणि या मेसेजचा मला खरंच त्रास होतो कारण त्यात एक खरी गोष्ट दडलीये, इतकी सुंदर, आणि नेमकी तिचीच वाट लावलीये.

"प्रत्येक अंजिरात माशी असते."
नाही. खाण्याच्या अंजिराची झाडं दोन प्रकारची असतात, एक नर म्हणून काम करणारं, ज्याची फळं सहसा कोणी खात नाही, आणि एक मादी, जिची आपण खातो. ब्लॅक मिशन, ब्राऊन टर्की, कडोटा अशा कितीतरी लागवडीच्या जातींत मादी झाडाला परागीभवन लागतच नाही, फळ तसंच धरतं आणि पिकतं. नर झाडं आणि माश्या आसपास असतील तर एखादी शिरेलही, पण फळाला तिची गरज नाहीये. स्मर्ना गट मात्र वेगळा, त्याला माशी लागतेच. कॅलिफोर्नियात 1880 च्या दशकात स्मर्नाची झाडं नेऊन लावली, झाडं झकास वाढली आणि फळं मात्र कच्चीच गळून पडायची, शेवटी 1899 मध्ये तिथे ही माशी रुजवली तेव्हा पीक हाती आलं. तुर्कस्तानातून येणारं सुकं अंजीर बरंचसं याच गटातलं. म्हणजे मेसेज अर्धा खरा आहे तो फक्त इथे.

"गांधीलमाशी."
कुळाने लांबची नातेवाईक आहे, बाकी काही संबंध नाही. ब्लास्टोफागा नावाचा हा कीटक जेमतेम दोन मिलिमीटरचा, चिलटाएवढा, माणसाला डंख मारत नाही. फोटोत जी पिवळीजर्द कंबरबारीक माशी दाखवतात ती हिच्यासमोर राक्षस आहे, ती अंजिराच्या त्या बारीक तोंडातून आत जाणार तरी कशी.

"कुरकुर लागतात ती अंडी."
बिया आहेत त्या! अंजीर म्हणजे आतून बाहेर उलटवलेला फुलांचा गुच्छ, शेकडो फुलं आतल्या भिंतीला चिकटलेली, प्रत्येक फुलाची एक बी. परागीभवन झालं नाही तर बी पोकळ राहते, पण कवच असतंच. आणि मादी झाडाच्या फळात अंडी घातलीच जात नाहीत, कारण तिथल्या फुलांची दांडी इतकी लांब असते की माशीची अंडी घालायची नळी तळापर्यंत पोचतच नाही.

"झाड माशीला फसवून खातं."
हा सगळ्यात चुकीचा मुद्दा आणि यावरच मला जास्त बोलायचंय. झाड माशी खात नाही, ते काही कीटकभक्षी झाड नाही. अंजिराच्या चिकात फिसिन नावाचं प्रोटीन तोडणारं एन्झाइम असतं हे खरं, म्हणून उलट बाजूचे लोक सांगतात की माशी पूर्ण विरघळते, तेही मला पटत नाही, कीटकाच्या कवचात कायटिन असतं आणि ते प्रोटीन नाही. फसवणूक म्हणाल तर मादी झाडावर माशीचं नुकसान होतं हे मान्य, आत शिरताना पंख तुटतात, पिल्लं होत नाहीत, तिथेच मरते. पण त्याच झाडाच्या जातीतली नर झाडं तिच्या पिल्लांना घर आणि खाणं दोन्ही देतात, तिथेच तिची पुढची पिढी वाढते, या झाडांशिवाय तिला दुसरं ठिकाण नाही.

आणि उंबर, वड, पिंपळ बघितले तर तिथे नर-मादी वेगळं झाडच नाही, एकाच फळात काही फुलांच्या बिया होतात आणि काहींच्या गाठी होऊन त्यांत केंबरं, म्हणजे अशाच बारीक माश्या, वाढतात. मी वर्गात वेगवेगळ्या वयाची उंबरं कापायला देते. एका टप्प्यावर बिनपंखांचे फिकट नर गाठी कुरतडून आधी बाहेर येतात, गाठीत बंद असलेल्या माद्यांशी मिलन करतात, फळाला बोगदा पाडतात आणि मरतात, माद्या पराग घेऊन त्या बोगद्यातून निघतात. त्यांचं आयुष्य एकदोन दिवसांचं. तेवढ्यात योग्य वयाची फळं असलेलं दुसरं झाड सापडायला हवं, म्हणून एकाच जातीची झाडं एकदम फळत नाहीत, वर्षभर कुठे ना कुठे एक झाड फळलेलं असतं, आणि म्हणूनच बाकी काही मिळत नाही तेव्हा पक्षी, वटवाघळं, माकडं याच झाडांवर जगतात. जगभरात 1,200 हून जास्त जातींचे पक्षी आणि सस्तन प्राणी ही फळं खातात. आफ्रिकेतल्या नामिबच्या वाळवंटात अशाच केंबरांनी वाऱ्यावर स्वार होऊन 160 किलोमीटरपर्यंत पराग नेल्याची नोंद आहे, दोन दिवसांच्या आयुष्यात! आणि काही जातींत तर पराग न आणता नुसती अंडी घालणाऱ्या माशीचं फळ झाड गाळून टाकतं. याला शिकार म्हणायचं कसं?

राहिला व्हिडिओ. ब्लास्टोफागाची अळी एका फुलाच्या गाठीत बंद असते, तिथेच कोष करते, गरात वळवळत फिरत नाही. सुक्या अंजिरात फिरणारी अळी दिसली तर ती बहुतेक वेळा साठवणीतली कीड असते, पतंगाची नाहीतर भुंगेऱ्याची, तशी ती खारीक-मनुकांतही होते. तो साठवणीचा दोष आहे, अंजिराचा नाही.

आता खायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, कोणाच्या व्रताबद्दल मी काही म्हणणार नाही. ज्यांना माशीचा अंशही नको असेल त्यांनी जात विचारून घ्या, परागीभवन न लागणारी असेल आणि बागेच्या आसपास नर झाडं नसतील तर प्रश्नच मिटला, स्मर्ना असेल तर माशी आत शिरलेली असण्याची शक्यता धरून चाला. आणि पिकलेलं उंबर मात्र फोडून बघितल्याशिवाय खाऊ नका, केंबरं खरोखर तिथे असतात.