बहुरूप्याचा एपिसोड लिहिताना घ्यायची काळजी

तुमच्या विज्ञानमालिकेला दुसरा सीझन मिळाला, अभिनंदन. आता वीस-बावीस भाग लिहायचेत, पैसे गेल्या वर्षीइतकेच आहेत, आणि पहिल्या सीझनमधल्या एका नटाचं पुढे काय करायचं हे खोलीतल्या कोणालाच सुचत नाहीये. घाबरू नका. अमेरिकन टीव्हीने या अडचणीवर दोन उपाय केव्हाच शोधून ठेवलेत: रूप पालटणारा शत्रू आणि दुसरी काळरेषा, म्हणजे इतिहास वेगळाच घडलेलं जग. दोन्ही एकाच एपिसोडमध्ये घातलेत तर सोन्याहून पिवळं. मग प्रेक्षकाने काहीही विचारलं तरी 'तो तो नव्हताच' किंवा 'ते घडलंच नव्हतं' यांतलं एक उत्तर हमखास लागू पडतं.

आधी बहुरूपी. मारीच सोन्याचं हरीण झाला तेव्हा कसा झाला हे कोणी विचारलं नाही. टीव्हीवर मात्र यंत्र दाखवावं लागतं. नमुना म्हणून 'फ्रिंज' या अमेरिकन मालिकेच्या (एफबीआयचं पथक विरुद्ध पलीकडचं समांतर विश्व) दुसऱ्या सीझनचा पहिला भाग घ्या, १७ सप्टेंबर २००९ चा. तीन टोकांचं उपकरण आधी बळीच्या तोंडात, वरच्या टाळूत खुपसायचं, मग स्वतःच्या. थोडं विव्हळायचं, की चेहरा तयार. अंगात रक्ताऐवजी पारा. यातला प्रत्येक तपशील लेखकाची सोय बघतो. टाळूवरच्या तीन खुणांमुळे शवविच्छेदनाच्या टेबलाशी पथकातला शास्त्रज्ञ वॉल्टर बिशप याला काहीतरी सापडतं आणि दहा मिनिटं सरतात. पाऱ्यामुळे गोळी लागली की निकाल तिथल्या तिथे. आणि यंत्र म्हटलं की ते मोडू शकतं. मोडलं की बहुरूपी शेवटच्या चेहऱ्यात अडकून पडतो, दर आठवड्याला नवा नट शोधायला नको. रूपांतर पूर्ण दाखवायचं ते एकदाच. पुढच्या वेळी दार लावून घ्या आणि हाडं कडाडल्याचा आवाज वापरा. आवाज स्वस्त असतो.

हे यंत्र चेहरा उचलतं, आठवणी उचलत नाही. याला उणीव समजू नका, यावर पुढचे तीन भाग निघतात. चार्ली फ्रान्सिस हा ऑलिव्हिया डनहॅमचा एफबीआयमधला जुना मित्र. तो इस्पितळाच्या तळघरात मारला जातो, त्याचं शव भट्टीत जातं, आणि त्याच्या चेहऱ्याने वावरणारा प्राणी ऑलिव्हियाला पुन्हापुन्हा एकच विचारत राहतो: काही आठवलं का? ती दुसऱ्या विश्वात जाऊन आलीये आणि तिथलं काय विसरलीये, तेवढंच त्याला हवंय. जुना मित्र एकाएकी इतका चौकस का झाला, हे विशेष तपास पथकातल्या कोणालाही खटकत नाही. तुमचंही पथक असंच ठेवा. आपल्या वरिष्ठांशी हा प्राणी बोलतो तो टाइपरायटरच्या दुकानातल्या मागच्या खोलीतून. सिलेक्ट्रिक २५१ नावाचं यंत्र, जे मॉडेल आपल्या विश्वात कधी निघालंच नाही, आणि समोर आरसा. हा इकडे टाइप करतो, उत्तर फक्त आरशातल्या कागदावर उमटतं. एक जुना टाइपरायटर आणि एक आरसा, एवढ्यात दोन विश्वं जोडली. हे मात्र खरंच झकास आहे, उपरोधाने म्हणत नाही.

बहुरूपी ओळखण्याची चाचणी हवीच, फक्त ती निरुपयोगी असायला हवी. यात 'डीप स्पेस नाइन'चा, म्हणजे अंतराळस्थानकावर घडणाऱ्या 'स्टार ट्रेक' मालिकेचा, हात कोणी धरू शकत नाही. तिथल्या बहुरूप्यांना चेंजलिंग म्हणतात. त्यांच्या शरीराचा तुकडा वेगळा झाला की त्याचा पुन्हा चिकट द्रव होतो, म्हणून सगळ्यांची रक्ततपासणी. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये क्लिंगॉन या लढवय्या परग्रहवासीयांचा सेनापती मार्टोक सुरी काढून स्वतःचा तळवा कापतो, रक्त दाखवतो आणि समोरच्यांनाही कापायला लावतो. पुढे कळतं, तो मार्टोक स्वतःच चेंजलिंग होता. १९९६ च्या जानेवारीत स्थानकाचा प्रमुख कॅप्टन सिस्को याचा म्हातारा बाप, न्यू ऑर्लिन्समध्ये रेस्टॉरंट चालवणारा, मुलाला विचारतो की हुशार बहुरूपी कोणाला तरी मारून त्याचं रक्त अंगात साठवून ठेवणार नाही का? सिस्कोच्या आरमाराकडे, स्टारफ्लीटकडे, तारे ओलांडणारी जहाजं आहेत, पण हे सुचलं ते स्वयंपाक्याला. त्याच कथेच्या उत्तरार्धात एक चेंजलिंग सांगतो की अख्ख्या पृथ्वीवर ते चौघंच आहेत, आणि चौघांनी किती गोंधळ घातला बघा. निर्मात्याला हा संवाद फ्रेम करून द्या. चौघांत आक्रमण, तेही एकाने तोंडी सांगितलेलं.

बनावट माणसाने मधल्या काळात काय केलं, हा प्रश्न येणारच. उत्तर तयार ठेवा: त्याने नोकरी मन लावून केली. 'डीप स्पेस नाइन'मध्येच १९९७ च्या फेब्रुवारीत कळतं की स्थानकाचा डॉक्टर बशीर महिनाभराहून जास्त काळ शत्रूच्या कैदेत आहे. म्हणजे मागच्या डिसेंबरच्या भागात सिस्कोच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली ती बहुरूप्याने. शत्रूपक्षाचा मुख्य कॅप्टन बेशुद्ध, डोकं उघडं, हत्यार हातात, आणि याने त्याला बरा करून घरी पाठवला! जानेवारीत स्थानकावरची अधिकारी किरा हिचं बाळंतपण झालं, तेव्हाही डॉक्टर म्हणून हाच. घातपाती असावा तर असा. खरं म्हणजे ते भाग होईपर्यंत अलेक्झांडर सिद्दिग या नटालाच माहीत नव्हतं की आपण खोटा बशीर करतोय. त्यामुळे त्याच्या अभिनयात एकही धागादोरा सापडत नाही. सांधा जुळवला तो कपडेपटाने: मधल्या काळात गणवेश बदलले होते, म्हणून कैदेतला खरा डॉक्टर जुन्या गणवेशात. लेखकाला जे जमलं नाही ते शिंप्याने केलं. तुमच्याही मालिकेत दर सीझनला गणवेश बदलून ठेवा, कुठे ना कुठे उपयोगी पडतो.

पारा, सुया, चिकट द्रव यांतलं काहीच परवडत नसेल तर केसांचा रंग घ्या. २०१० च्या मे महिन्यात 'फ्रिंज'ने पलीकडच्या विश्वातली तांबड्या केसांची ऑलिव्हिया सोनेरी केस करून इकडे पाठवली आणि आपली ऑलिव्हिया तिकडे डांबून ठेवली. अ‍ॅना टॉर्वच दोन्हीकडे, आपल्याला डबल रोलचं अप्रूप नाहीच. वॉल्टरचा मुलगा पीटर बिशप याची बुद्ध्यांक १९० अशी ख्याती. तो या बाईबरोबर राहतो, प्रेमात पडतो, आणि आपली नेहमीची ऑलिव्हिया अचानक एवढी हसरी का झाली याचं त्याला नवल वाटतं ते सुखाचं. शेवटी एका अनोळखी बाईचा फोन येतो, मग एका ग्रीक वाक्यावर ती अडखळते, तेव्हा कुठे उजेड पडतो. त्याच्या या चुकीची किंमत काढायची की नाही, यावर मात्र विचार करा. या मालिकेने काढली. खरी ऑलिव्हिया परत आल्यावर कित्येक भाग ती त्या घरातल्या वस्तूंकडे, कपड्यांकडे, त्याच्याकडेही किळसून बघते. असं केलंत की भाग जड होतात. सोपा मार्ग म्हणजे दोघांना कॉफी प्यायला पाठवा आणि विषय बंद.

आता दुसरी काळरेषा. प्रेक्षक आत शिरला की त्याला पाच सेकंदांत कळायला हवं की हे 'ते' जग आहे. १९६७ मध्ये 'स्टार ट्रेक'ने स्पॉकला टोकदार दाढी चिकटवली आणि काम भागवलं. दाढीच्या पुढची पायरी म्हणजे न्यू यॉर्कचं आकाश: एम्पायर स्टेट बिल्डिंगला बांधलेलं झेपेलिन (फुग्यासारखं हवाई जहाज), हिरवी न पडलेली तांबूस स्वातंत्र्यदेवता. २००९ च्या मेमध्ये 'फ्रिंज'चा पहिला सीझन संपला तो आपल्या जगात कोसळलेल्या जुळ्या मनोऱ्यांपैकी एकाच्या खिडकीतून कॅमेरा मागे खेचत. खिडकीच्या आतल्या माणसाची भूमिका लिओनार्ड निमॉयची, म्हणजे दाढीवाल्या स्पॉकचीच. जाणत्यांसाठी तेवढी फोडणी. बारीक काम करायचं असेल तर १९८५ च्या पलीकडच्या न्यू यॉर्कमधलं थिएटर बघा: 'बॅक टु द फ्यूचर'च्या पाटीवर नायक एरिक स्टोल्ट्झ, ज्याला आपल्या जगात चित्रीकरण सुरू झाल्यावर बदललं होतं. आणि ज्यांना यातलं काहीच दिसत नाही त्यांच्यासाठी शीर्षकाचा रंग: निळं आपलं विश्व, लाल त्यांचं, पिवळसर म्हणजे इतिहासच बदलला.

इतिहास बदलताना एक खबरदारी घ्या: पुसलेलं पुसलेलंच राहू द्या. १९९७ च्या मेमध्ये 'डीप स्पेस नाइन'वाले इथे घसरले. स्थानकाचं डिफायंट जहाज एका ग्रहावर पोचतं तर तिथे आठ हजार माणसं, याच खलाशांचे वंशज. कारण परतताना जहाज दोनशे वर्षं मागे जाऊन याच ग्रहावर कोसळणार आहे. कोसळलं तर आठ हजार जगतात आणि किरा मरते. निसटलं तर किरा वाचते आणि आठ हजार जण कधी जन्मलेच नाहीत असं होतं. इथपर्यंत रचना उत्तम. खलाशांपैकीच एक असलेला बहुरूपी ओडो दोनशे वर्षं मोठा होऊन ग्रहावर आहे. तरुण ओडोला ग्रहाभोवतीच्या ऊर्जेमुळे आकारच धरता येत नाही, म्हणून तो सबंध भाग भांड्यात. दोन ओडो एका चौकटीत आणण्याचा खर्च वाचला, शिकण्यासारखं आहे. पण शेवट पाहा. सगळे खलाशी आपणहून कोसळायला तयार होतात, आणि म्हातारा ओडो गुपचूप जहाजाचा मार्ग बदलतो, कारण त्याचं किरावर प्रेम आहे. आठ हजार नाहीसे. तरुण ओडो हे तिला सांगतो, आणि ती आभार मानत नाही. तंत्रज्ञान बिघडलं, वादळ आलं, असं काहीही दाखवता आलं असतं. यांनी ते एका माणसाच्या, तेही आवडत्या माणसाच्या, गळ्यात बांधलं. असला भाग लोकांच्या डोक्यातून वर्षानुवर्षं जात नाही. मग तुमचा पुढचा भाग कोण बघणार?

'फ्रिंज'मधला पोलीस रे हाही याच जातीचा घोटाळा. ऑक्टोबर २०१० च्या भागातला हा शेपशिफ्टर दुसऱ्याच्या चेहऱ्याने, दुसऱ्याच्या बायकोबरोबर इतका राहिलाय की घरातल्या लहान मुलावर त्याचा जीव जडलाय. नवा हुकूम आल्यावर त्याला ते घर सोडवत नाही, आणि त्याचाच वरिष्ठ त्याला मारतो. बहुरूप्याबद्दल प्रेक्षकाला वाईट वाटू लागलं तर पुढच्या वेळी पारा सांडताना टाळ्या कोण वाजवेल?

योग्य पद्धत चौथ्या सीझनमध्ये आहे. तिसऱ्याच्या शेवटी, ६ मे २०११ ला, पीटर भर संभाषणात अदृश्य होतो. तो कधी नव्हताच. नव्या काळरेषेत तो लहानपणीच तळ्यात बुडालेला. चौथ्या सीझनच्या चौथ्या भागात त्याच तळ्यातून तो वर येतो. त्याला सगळे आठवतात, त्याला कोणी ओळखत नाही. मार्चमध्येच त्याचा आणि त्या बनावट ऑलिव्हियाचा मुलगा हेन्री जन्मला होता, वेगवान गरोदरपणासह, एक पूर्ण भाग खर्चून. काळरेषा बदलताच हेन्रीही गेला. आई पडद्यावर हसतखेळत काम करतेय, मुलगा झाला होता हे तिला माहीतच नाही. बापाला ते एका संभाषणात सांगून टाकलं, आणि मालिका पुढच्या कामाला लागली. पाळणा, डॉक्टर, शाळा, बालकलाकाराच्या कामाचे मोजके तास, सगळ्या कटकटी एकदम मिटल्या.

एवढंही जमलं नाही तर काम वाहिनीवर सोडा. चार्लीला सप्टेंबर २००९ मध्ये बहुरूप्याने मारलं, ८ ऑक्टोबरला ऑलिव्हियाने बहुरूप्याला मारलं. ११ जानेवारी २०१० च्या सोमवारी फॉक्सने 'अनअर्थ्ड' नावाचा भाग दाखवला. त्यात चार्ली धडधाकट, कामावर हजर. ऑलिव्हिया त्याच्याशी निवांत बोलतेय आणि कोणीही चकित होत नाही. पहिल्या सीझनसाठी चित्रित केलेला एक भाग शिल्लक राहिला होता, तो मध्येच लावून टाकला होता. एका पैशाची नवी दाढी नाही, झेपेलिन नाही, यंत्र नाही.