"हे तर मी घरीसुद्धा करीन!" मग करा ना!

ज्या कोणाला मेळ्यात माझ्या टेबलासमोर उभं राहून, हातातलं चित्र उलटंपालटं करत, नवऱ्याकडे बघून "अरे, हे तर मी घरीसुद्धा करीन" असं म्हणायचं असेल, त्यांनी कृपया घरी जावं आणि करावं. मी अडवलेलं नाही. कागद घ्या, शून्य नंबरचा ब्रश घ्या, मान मोडेस्तोवर बसा. फक्त माझ्यासमोर उभं राहून माझ्याबद्दल असं बोलू नका, जणू मी टेबलाचा चौथा पाय आहे. मला ऐकू येतं. मराठी तर फारच छान ऐकू येतं.

आमच्या गोव्यात पाऊस संपला की मेळ्यांचं पेव फुटतं. जून ते सप्टेंबर उघड्यावर काही मांडायची सोय नाही, चवथीच्या आधी हॉलमधली प्रदर्शनं तेवढी होतात. पण एकदा का पर्यटक यायला लागले, की पणजी, म्हापसा, मडगाव, किनाऱ्यावरची हॉटेलं, दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे 'हँडमेड' फेअर लागलेली. पोस्टरवर चाकावर मातीला आकार देणारे कुंभाराचे हात ठरलेले. आत डिचोलीचा एक कुंभार दाखवा. त्याला भाडं परवडत नाही, म्हणून तो आपला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसतो, आणि तिथे त्याची मडकी विकलीही जातात.

आता हे भाडं बघा. दोन दिवसांचे ४,५०० रुपये. त्यात मिळतं काय? सहा फुटी टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पिवळा बल्ब. प्लग हवा असेल तर वेगळे पैसे. त्या पिवळ्या उजेडात माझा निळा रंग हिरवट दिसतो आणि पांढरा कागद वरणासारखा. गिऱ्हाईक म्हणतं, "कलर जरा डल आहेत ना?" डल नाहीत हो, तुमच्या आयोजकाचा बल्ब डल आहे! आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री दहानंतर जे दंव पडायला लागतं, त्याचं काय? मांडव फक्त स्टेजला आणि खाण्यापिण्याच्या भागाला. आम्हाला वर आकाश. पुस्तकांची मुखपृष्ठं अशी वळतात की सकाळी विटेखाली ठेवावी लागतात. आयोजकाला सांगितलं तर म्हणतो, "मॅडम, ओपन स्काय ही तर आपली थीम आहे."

बरं, हे सगळं सहन केलं असतं. पण शेजारी कोण बसवला? घाऊक माल आणून विकणारा.

मी कावीच्या नक्ष्या काढते. आपल्या जुन्या देवळांच्या, घरांच्या भिंतींवर असतात त्या. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर काव, म्हणजे लाल माती, लावायची आणि ती खरवडून आतला पांढरा चुना उघडा करायचा, अशी ती मूळची रीत. मी भिंतीवर करत नाही, कागदावर आणि लाकडाच्या छोट्या फळ्यांवर हाताने रेखाटते. एका फळीला अख्खी दुपार जाते. किंमत ६०० रुपये. आणि शेजारच्या टेबलावर 'हँडपेंटेड गोवन टाइल्स', १५० रुपये, दोन घेतल्या तर २५०. चाळीस-पन्नास टाइल्स मांडलेल्या, सगळ्यांवर पोपट. मी सहज जवळ जाऊन बघितलं. प्रत्येक पोपटाच्या डाव्या डोळ्याखाली निळा ठिपका, ब्रश चुकून टेकल्यासारखा. प्रत्येक पोपटाच्या! त्याच जागी, त्याच आकाराचा! कोणीतरी एकदाच, कुठेतरी, खरंच हाताने पोपट काढला असेल, त्याचा हात जरासा हलला असेल, आणि त्या बिचाऱ्याची चूकसुद्धा यांनी हजारांनी छापली. ज्यांना खरे हाताने रंगवलेले आझुलेझो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या टाइल्स, माहीत आहेत, त्यांना विचारा. आधी रंगवा, मग भट्टीत घाला, आणि भट्टीतून काय बाहेर येईल ते देव जाणे. १५० रुपयांत तर भट्टीचा गॅससुद्धा येत नाही.

आयोजकाला ठिपका दाखवला. त्याने ठिपक्याकडे बघितलंही नाही. "बाय, मात्शें एडजस्ट कर गो. त्यांनी तीन स्टॉल घेतलेत." झालं. तीन स्टॉलचं भाडं आगाऊ आलं की तो कलाकार. अर्ज भरताना मला मात्र 'प्रोसेसचे फोटो' मागितले होते. काम करतानाचा व्हिडिओसुद्धा पाठवला मी, वेंधळ्यासारखं तोंड करून. त्या पोपटवाल्याने कसला व्हिडिओ पाठवला असेल? खोका उघडतानाचा?

आणि मग सगळा दोष माझ्या अंगावर येतो. कारण लोक आधी १५०चा पोपट बघतात आणि मग माझ्याकडे येऊन ६०० ऐकतात. डोळे मोठे होतात. "पुण्याला तुळशीबागेत यापेक्षा स्वस्त मिळतं हो." मग तुळशीबागेत जा की! गोव्याला कशाला आलात? "तीन घेतल्या तर कितीला द्याल?" तीन घेतल्या तर मला तीन दुपारी जातात, काकू, माझ्या दुपारी घाऊक भावात मिळत नाहीत. जत्रेत खाज्याच्या दुकानासमोर उभं राहून "चण्याचं पीठ, गूळ आणि आलं, यात काय एवढं" असं म्हणायची छाती आहे का कोणाची? तिथे गपगुमान किलोचा भाव देतात आणि पुडा घेऊन जातात. घासाघीस फक्त आमच्याशी, कारण वस्तू जिने केली ती समोर उभी असते आणि तिच्याकडे बघून हसता येतं.

पुस्तकांची कथा याहून भारी.

मी मुलांसाठी चित्रांची पुस्तकं काढते, स्वतःच्या पैशाने. एक माटोळीवर आहे. गणपतीच्या डोक्यावर जी बांधतात ती माटोळी, तिच्यातली रानातली फळं, फुलं, वेली. कांगलां, घागऱ्यो, माट्टी, चिबूड, सुपारीचा घड. एकेक फळ समोर ठेवून काढलंय. चार रंगांत, जाड आर्ट पेपरवर छापायचं तर ५०० प्रतींच्या खाली प्रेसवाला दारात उभं करत नाही. प्रत पडते ९० रुपयांना. छापील पुस्तकावर जीएसटी नाही हे ऐकून लोकांना वाटतं माझी चैन आहे. पण कागदावर आणि छपाईवर प्रेसवाला कर लावतो तो मी भरते, आणि पुस्तकावर कर नाही म्हणून तो कुठून परतही घेता येत नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तेवढा आपल्याकडे फुकट मिळतो, सरकारची कृपा. किंमत ठेवलीय २००. दुकानात ठेवायचं तर ४० टक्के दुकानदाराचे, म्हणून तर मेळ्यात यायचं. आता हिशेब तुम्हीच करा: एका प्रतीमागे ११० सुटतात, म्हणजे ४१ पुस्तकं विकली की फक्त ते टेबल माझं होतं. पेट्रोल, वडापाव आणि प्लगचे पैसे वेगळे.

आणि विकत घेतं कोण? मुलं येतात, त्यांचा दोष नाही. पोरं गोड असतात. परवाच एक सात-आठ वर्षांचा मुलगा येऊन उभा राहिला. माटोळीचं पुस्तक पहिल्या पानापासून बोट ठेवून वाचलं त्याने. घागऱ्योच्या पानावर थांबून म्हणाला, "ही आमच्या आजीकडे मागच्या दारी आहे! हलवली की वाजते!" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. शेवटचं पान उलटलं आणि त्याने मागे उभ्या आईकडे बघितलं. आई म्हणाली, "वाचून झालं ना? मग आता घेऊन काय करायचं?" आणि त्याला ओढून घेऊन गेली. पाच मिनिटांनी तोच मुलगा काडीवरचा वळणावळणाचा बटाटा खात परत गेला समोरून. १५० रुपयांचा बटाटा. खाऊन झाल्यावर त्याचं काय करणार, हा प्रश्न बटाट्याला कोणी विचारत नाही.

काही जण तर मुलांना माझ्याकडे सोडून सरळ बिअर प्यायला जातात. "आंटीकडे बस हां, पुस्तकं बघ." मी पाळणाघर काढलंय का? पुस्तकांवर चॉकलेटची बोटं उमटतात. ती प्रत मग 'सॅम्पल' म्हणून बाजूला. प्रत्येक मेळ्यात एखाद-दुसरं सॅम्पल वाढतंय.

भाषेचं तर बोलायलाच नको. मराठी बोलणारेच आईवडील विचारतात, "इंग्लिशमध्ये नाही का? याला मराठी वाचायचा कंटाळा येतो." तो वाचत उभा आहे तुमच्यासमोर! डोळे उघडा! आणि दुसऱ्या टोकाचे काका: "गोंयांत रावून मराठींत कित्याक? कोंकणींत कर." काका, फळांची नावं सगळी कोंकणीच आहेत, आत बघा तरी. १९८७ चा राजभाषा कायदा होऊनही जो कोंकणी-मराठी वाद मिटला नाही, तो माझ्या सहा फुटी टेबलावर मिटवायला येऊ नका. आधी एक प्रत घ्या, मग तासभर वाद घालू, माझ्याकडे दुसरी खुर्ची रिकामीच असते.

चांगली माणसं भेटतच नाहीत असं नाही. एक शिक्षिका बाई वर्गासाठी दहा प्रती घेऊन गेल्या, एक पैसा कमी न करता, पिशवीसुद्धा घरची. अशा एकीच्या जीवावर आम्ही पुढचा अर्ज भरतो आणि आयोजकांचं फावतं. त्यांना माहीत आहे, मी नाही आले तर माझ्या जागी दुसरी कोणी क्रोशाच्या बाहुल्या घेऊन उभीच आहे. मांडववाल्याला पैसे आधी, जनरेटरवाल्याला आधी, डीजेला आधी, त्या फोनवर गोल फिरत व्हिडिओ काढणाऱ्या पोरीलासुद्धा आधी. तिने माझ्या स्टॉलचा व्हिडिओ काढला, 'सो क्यूट' म्हणाली, आणि टाकला तेव्हा त्यात पोपट होते.

कालच पुढच्या मेळ्याचा मेसेज आला. भाडं ५,५००, लवकर भरलं तर ५,०००. खाली हात जोडलेल्या तीन इमोजी आणि विनंती: 'उद्घाटनाला येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांना भेट देण्यासाठी प्रत्येक स्टॉलधारकाने आपली एक वस्तू सप्रेम द्यावी.' मी लगेच उत्तर दिलं. पुस्तक २००, कावीची फळी ६००, पाहुण्यांना कुठली आवडेल ते कळवा, सोबत क्यूआर कोड पाठवतेय. दोन निळ्या टिका आल्यात. पैसे अजून नाहीत.