रेडिओ लागला का, ते विचारा ना!

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितोय. बायको म्हणाली, ‘‘सोसायटीच्या ग्रुपवर भांडू नका, फेसबुकवर लिहा. तिथे तुमचं कोणी वाचत नाही.’’ बरं.

झालं असं. रविवारी आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा मेन्टेनन्सची पावती द्यायला घरी आला. मुलगा चांगला आहे, गणपतीत खुर्च्या उचलण्यापासून सगळ्याला पुढे असतो. मी गॅलरीतल्या टेबलाशी एका जुन्या ट्रान्झिस्टरवर सोल्डरिंग करत बसलो होतो. ‘‘काका, व्हिडिओ काढू का?’’ म्हणाला. मी म्हटलं काढ बाबा. मला वाटलं, रेडिओचा काढतोय. आज सकाळी तो व्हिडिओ ग्रुपवर आला आणि त्यात रेडिओ नाहीच! नुसता माझा हात. जवळून घेतलेला, थरथरणारा. मागे रडकी बासरी आणि वर अक्षरं, ‘वय हा फक्त आकडा आहे, काकांच्या जिद्दीला सलाम.’ दुपारपर्यंत हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. एका वहिनींनी तर डोळ्यांत पाणी आलं म्हणून लिहिलंय.

एकाही माणसाने विचारलं नाही की रेडिओ लागला का.

अहो, जिद्द कसली? मी काय एव्हरेस्ट चढतोय? मला रेडिओ जुळवायला आवडतो, शाळेत होतो तेव्हापासून. तेव्हा ठाण्यात मर्फीचा कारखाना होता आणि घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरावे लागत. आजच्या पोरांना हे सांगितलं तर थापा वाटतात. सुट्टीच्या दिवशी ठाण्याहून लोकल पकडायची, दादरला बदलायची, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर भंगारातले गँग, म्हणजे स्टेशन बदलायचे कंडेन्सर, आणि कॉइली निवडत बसायचं. भारत इलेक्ट्रॉनिक्सचा एसी १२८, म्हणजे रेडिओच्या आत बसणारा सुटा ट्रान्झिस्टर, खिशात पडला की परत येताना गाडीत दहादा हात लावून बघायचा, आहे ना म्हणून. मग वागळे इस्टेटमधली नोकरी, शिफ्टा, लग्न, घराचे हप्ते. खोका माळ्यावर गेला आणि तिथेच राहिला. रिटायर झाल्यावर काढला, तर तोवर हात असा झालेला.

याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. हात मांडीवर ठेवला की गुपचूप असतो, काही करायला उचलला की नाचायला लागतो. पार्किन्सनमध्ये साधारण उलटं, हात स्वस्थ पडलेला असताना जास्त हलतो. हे मी लिफ्टमध्ये किती जणांना समजावलंय, तरी मागे ‘काकांना पार्किन्सन झालाय’ चालूच. बऱ्याचदा घराण्यात येतो. माझ्या वडिलांना होता. बशीतला चहा शर्टावर सांडायचा. प्रोप्रॅनोलॉलची गोळी चालू आहे, त्याने थोडा फरक पडतो. कॉफी बंद केली आहे. शिवाय साखर, त्यामुळे बोटांची टोकं जरा बधिर. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली, ते मात्र झकास झालं, रेझिस्टन्सचे रंगाचे पट्टे पुन्हा दिसायला लागले.

आता मुख्य गोष्ट, जी मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. खोका माळ्यावरून काढला त्या आठवड्यातली. हॉलमध्ये बसून एका कॉइलचा पाय सोल्डर करत होतो. सोल्डरिंगचं आयर्न तापलेलं, हात हलत होता, टोक दोनदा भलतीकडे लागलं. सूनबाई स्वयंपाकघरातून आली, काही बोलली नाही, माझ्या हातातून आयर्न अलगद काढून घेतलं, बटण बंद केलं, वायर गुंडाळली आणि म्हणाली, ‘‘बाबा, चहा टाकते.’’ बस, एवढंच. आवाज नाही, राग नाही. इतक्या प्रेमाने केलं की मला काही बोलताच येईना. रागावली असती तर भांडलो तरी असतो!

बरं, तिची बाजूही लिहून टाकतो, नाहीतर उद्या घरात बोलणी खावी लागतील. नात तेव्हा रांगत होती, वायर खाली लोंबत होती. मान्य. म्हणून तर गॅलरीत गेलो.

पण ते हातातून काढून घेणं! आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या हातातून वस्तू अशाच जातात. आधी स्कूटरची चावी, मग बँकेचं पासबुक, मग विळी, मग शिवणाची कात्री. सगळं काळजीने. समोरच्या विंगमध्ये एक ताई आहेत, आयुष्यभर क्रोशाचं काम केलं, रुमालाची लेस बघत राहावी अशी. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात झाला. मुलीने सांगितलं, आई, आता पुरे, ऑनलाइन सगळं मिळतं. ताईंनी दोरे वाटून टाकले. अहो, जाड दोरा घ्या, जाड सुई घ्या, सुईच्या दांड्याला स्पंज गुंडाळा, दहा मिनिटं करा आणि ठेवा. लेस नाही जमणार, टेबलावरची मॅट जमेल. हे सांगायला कोणी गेलं का? नाही. फिजिओकडे मात्र रबरी चेंडू दाबायला पाठवतात. चेंडू दाबून काय तयार होतं?

आमच्या वयाला शोभणारे छंद ठरलेले आहेत. तलावपाळीला फेऱ्या, हास्यक्लब, भजनी मंडळ, सकाळी सहाला फुलांचे फोटो पाठवणं. फेऱ्या मीही मारतो, वाईट काही नाही त्यात. पण या सगळ्यांत बिघडण्यासारखं काही नसतं हो. मला असं काही हवंय जे माझ्या हातून बिघडू शकतं, वास येतो, धूर निघतो, सेट मुका राहतो आणि मी रात्री अंथरुणात पडून विचार करतो की दुसऱ्या आयएफच्या, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या, टप्प्यात तो कुठे मरतोय. ६८ व्या वर्षी मला झोप न येण्याचं कारण शुगरचा रिपोर्ट नसून एक ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, आहे, हे सुख कुणाला कळणार?

आणि ते ‘हाताला व्यायाम होतो’, ‘मेंदूला चांगलं असतं’ हेही नको. थरथर तसूभर कमी झालेली नाही.

काम कसं करतो, तेवढं त्या व्हिडिओत दाखवलं असतं तरी चाललं असतं. दोन्ही कोपरं टेबलावर टेकलेली. मनगटाखाली वाळूची छोटी पिशवी, बायकोने जुन्या पँटच्या कापडाची शिवून दिलेली. बोर्ड छोट्या व्हाइसमध्ये आवळलेला, म्हणजे तो तरी हलत नाही. सोल्डरची तार सुट्टी धरता येत नाही, म्हणून पेन्सिलीला गुंडाळून दोन इंच पुढे सोडलेली. एसी १२८ जर्मेनियमचा, फार तापला की गेला. म्हणून त्याचा पाय नोज प्लायरमध्ये धरायचा, म्हणजे उष्णता प्लायर खाते. मला तिसरा हात नाही, तर प्लायरच्या मुठीला रबरबँड, तो आपोआप पकडून ठेवतो. मग आयर्न जवळ न्यायचं, श्वास सोडायचा आणि टोक जोडाच्या अंगावर टेकवून द्यायचं. गंमत ही की टेकलं की हात शांत होतो. हवेत असेपर्यंतच सगळा तमाशा. सोल्डर वितळून पायाभोवती चकचकीत पसरलं की तार मागे, मग आयर्न मागे, आणि ते थंड होईपर्यंत काही हलू द्यायचं नाही. माझा एक जोड लावायला तुमचे पाच होतील. होऊ देत.

आयएफटी म्हणजे त्या आयएफच्या टप्प्यातली डबीतली कॉइल, तिचा गाभा फिरवून सेट जुळवायला विणकामाची प्लास्टिकची सुई घासून चपटी केली आहे. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर जवळ नेला तर ट्यूनिंगच सरकतं, आणि माझ्या हाताने गाभ्याचे तुकडे झाले असते ते वेगळं.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या जुन्या, सेटच्या वाटेला जात नाही, हेही सांगतो, नाहीतर कोणीतरी काळजीवाहू खाली लिहीलच. तिथे अडीचशे व्होल्ट खेळत असतात आणि मोठा फिल्टर कंडेन्सर प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसतो. या हाताने ती विषाची परीक्षा नको. बॅटरीवर चालणारे सेट, बास. खिडकी उघडी, पंखा चालू, कारण सोल्डरमधल्या फ्लक्सचा धूर छातीला बरा नाही. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय बिस्किटाला हात लावत नाही. झालं समाधान?

लिहिता लिहिता आईची आठवण आली. वडिलांचा हात हलायचा, पण आईने त्यांच्या हातातला कप कधी काढून घेतला नाही आणि कधी पाजलंही नाही. कप अर्धाच भरायची. तो संपला की पुन्हा अर्धा. पाहुण्यांसमोरही तसंच, आणि पाहुण्यांचे कपही थोडे कमीच भरायची, म्हणजे यांचाच वेगळा दिसायला नको. आम्हा भावंडांना हे कितीतरी वर्षं लक्षातही आलं नव्हतं. सूनबाईने त्या दिवशी आयर्न काढून घेतलं तेव्हा मला हेच सांगायचं होतं बहुतेक, की अगं, अर्धा कप भर. वायर वर बांध, टेबल गॅलरीत सरकव, पण काढून घेऊ नकोस. शब्द सुचले नाहीत. चहा चांगला झाला होता, तोही प्यायलो.

त्या मुलावर राग नाही माझा. आत्ताच त्याचा फोन येऊन गेला, ‘‘काका, किती लोकांनी बघितला बघा!’’ काय बोलणार? म्हटलं, ये रविवारी, तुला डायलची दोरी ओवायला लावतो.

आता रेडिओबद्दल, कारण कोणी विचारणार नाहीच. लागला! ५५८ किलोहर्ट्झला अस्मिता वाहिनी, मराठी बातम्या. सगळ्या घरांतले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर मीडियम वेव्हवर इतकी खरखर ओततात की निवेदकाचा आवाज त्यातून चाळून घ्यावा लागतो. फेराइट रॉड, म्हणजे सेटची आतली अँटेना, दारापासून लांब, गॅलरीच्या टोकाला आडवा फिरवला की बरंच साफ होतं. लिफ्ट सुरू झाली की पुन्हा कर्रकर्र. बायको म्हणाली, ‘‘हे तर मोबाइलवर स्वच्छ ऐकू येतं.’’ येतं. माहीत आहे मला.

पण डायलच्या एका टोकाला सेट अजून मुका आहे. ऑसिलेटर कॉइलचा गाभा तडकलाय, माझ्या आधी कुणीतरी लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घातलाय त्यात. लॅमिंग्टन रोडला जायचं तर दादरचा पूल गुडघ्याला झेपत नाही. तेव्हा ज्यांच्या माळ्यावर जुना बंद ट्रान्झिस्टर पडला असेल त्यांनी भंगारवाल्याला देऊ नका. आत पत्र्याचे छोटे चौकोनी डबे दिसतील, लाल गाभ्याचा असेल तो ऑसिलेटर कॉइलचा, तोच मला हवा आहे. पिवळे, पांढरे, काळेही चालतील, ते आयएफचे. ठाणे, कळवा, मुलुंडपर्यंत मी स्वतः येतो घ्यायला. फक्त दुपारी दोन ते चार फोन करू नका, तेव्हा झोपलेला असतो.