आधी गाडीखाली शिरा, मग ती उंच करा

ऑफ-रोडिंगचा नाद लागलेला माणूस गाडी हातात आल्याआल्या पहिला प्रश्न विचारतो, "गाडी उंच करायला लिफ्ट किट कुठलं टाकू?" मला त्याला उलट विचारावंसं वाटतं, की मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरच्या गोळ्याचं, ऑइल शेवटचं कधी बदललं, आणि निघालं तेव्हा ते कोणत्या रंगाचं होतं? याचं उत्तर येत नसेल तर लिफ्ट किटचा विषय तूर्त बाजूला ठेवावा, असं माझं मत आहे. राग आला तरी चालेल.

गाडी उंच केली की ग्राउंड क्लिअरन्स वाढतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. ज्या गाडीत एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सलग ॲक्सल असतो, तिच्यात सगळ्यात खाली असतो तो डिफरन्शियलचा गोळा. स्प्रिंगा बदलल्या की चासी आणि बॉडी वर जाते, गोळा मात्र जागचा हलत नाही. आणि दगडाला आपटतो तो तोच. तो वर न्यायचा सोपा मार्ग म्हणजे मोठे टायर. आता त्याचाही हिशेब मांडा. २६५/७० आर १७ टायरचा व्यास होतो साधारण ८०३ मिमी. २८५/७० आर १७ चा होतो ८३१. फरक २८ मिमी, पण ॲक्सलच्या खाली येतो त्यातला निम्मा. म्हणजे १४ मिमी! तेवढ्यासाठी गिअरिंग जड झालं, ब्रेकवरचं काम वाढलं, स्टेपनीसुद्धा त्याच मापाची घ्यावी लागली, आणि स्पीडोमीटर अचूक होता असं धरलं तर आता तो १०० दाखवताना गाडी साडेतीन किलोमीटर जास्त वेगाने पळते आहे.

लिफ्ट फुकट जाते असं मी म्हणत नाही. पुढचा बंपर चढावर टेकत नाही, मधलं पोट उंचवट्यावर बसत नाही, मोठ्या टायरला फेंडरखाली जागा मिळते. पण ती उंची उधारीवर येते आणि वसुली होते खालच्या सांगाड्यातून. पुढच्या सलग ॲक्सलचा कॅस्टर, म्हणजे चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो, मग हमरस्त्यावर स्टिअरिंग भरकटायला लागतं. ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉड असेल तर अख्खा ॲक्सल थोडा एका बाजूला सरकतो. ब्रेकचे होज ताणले जातात. आणि गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो.

या शाफ्टबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण "लिफ्टनंतर गाडी थरथरते" या तक्रारीचं मूळ बरेचदा इथे असतं. शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा, म्हणजे क्रॉस, कोनात फिरत असेल तर त्याच्यातून पुढे जाणारा वेग एकसारखा राहत नाही. प्रत्येक फेरीत तो दोनदा वाढतो, दोनदा घटतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चढउतार उलटी करून मिटवतो. पण त्यासाठी दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक, म्हणजे क्रॉसला धरणारे चिमटे, एका रेषेत हवेत. लिफ्ट केल्यावर कोन बिघडतात. आणि घरी क्रॉस बदलताना शाफ्टला लांब-आखूड होऊ देणारा दातेरी स्लिप जॉइंट सुटा करून एक-दोन दाते इकडेतिकडे बसला, तर योकची रेष बिघडते. मग माणूस चाकांचं बॅलन्सिंग पुन्हापुन्हा करत बसतो. म्हणून शाफ्ट उतरवण्याआधी स्लिप जॉइंटच्या दोन्ही भागांवर आणि फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकतीवर) पंचने किंवा पेंटने खूण करायची. खडू नको, ग्रीसच्या हाताने तो पुसला जातो.

हे ज्ञान गाडीखाली आडवं झाल्याशिवाय येत नाही. घरच्या देखभालीतून पैसे वाचतात ते वाचतात, पण माझ्या लेखी मोठा फायदा वेगळाच आहे. आपली गाडी धडधाकट असताना कशी दिसते, कोणता बुश (सांध्यातला रबरी तुकडा) किती हलतो, कुठे आधीपासून ओल आहे, हे डोळ्यांत बसतं. मग काही बिघडलं तर ते लगेच खुपतं. जो गाडी फक्त वरून बघतो त्याला लाइटबार (दिव्यांची लांब पट्टी) हवासा वाटतो. खालून बघणाऱ्याला दिसतो ब्रीदर.

हा ब्रीदर म्हणजे ॲक्सलच्या डोक्यावरची, हवा आत-बाहेर जाऊ देणारी छोटीशी टोपी. लांबच्या ड्राइव्हने गरम झालेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ॲक्सल सीलच्या कडेने पाणी आत ओढतो, आणि ब्रीदरच पाण्याखाली असेल तर पाण्याला आयती वाट मिळते. ऑइल दुधाळ होतं आणि बेअरिंगा गंजायला लागतात. उपाय काय, तर ब्रीदरला एक रबरी नळी जोडून ती उंचावर, इंजिनाच्या खणात वरपर्यंत न्यायची, आणि सस्पेन्शन पूर्ण खाली लोंबलं तरी ताणणार नाही इतकी ढील ठेवायची. एका दुपारचंही काम नाही. पण फोटोत दिसत नाही ना, म्हणून इंजिनाला उंचावरून हवा देणारा स्नॉर्केल आधी लागतो! इंजिनाने पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो हे खरंच, पण स्नॉर्केल लावलेल्या गाडीचे ॲक्सल बुडायचे थांबत नाहीत.

डिफरन्शियलचं ऑइल घरी बदलणार असाल तर आधी वरचा भरायचा प्लग सैल होतोय का ते बघा, मग खालचा उघडा. खालून सगळं ऑइल सांडलं आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरून हलत नाही. खालच्या प्लगला चुंबक असेल तर त्यावर करडा, मऊ लगदा दिसेल, तो चालतो. बोटाला टोचणारा तुकडा लागला तर प्लग परत लावून विसरून जाऊ नका. ग्रीस गन मारताना क्रॉसच्या चारही सीलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर यायला हवं. तीनच ठिकाणी आलं तर काम झालेलं नाही.

आणि हे सगळं नुसत्या जॅकवर कधीही नाही. हायड्रॉलिक जॅकचं एक सील गेलं की गाडी खाली. कडक, सपाट जमीन, चाकांना अडसर, गाडी पेलायला दोन स्टँड, आणि आत शिरण्याआधी गाडीला चांगला धक्का देऊन बघायचं. तो उंच फार्म जॅक रुतलेली गाडी उचलायला ठीक आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालणाऱ्याला हात जोडून नमस्कार.

लाइटबारचा उल्लेख आलाच आहे तर तेही सांगतो. १२० वॉटचा बार १२ व्होल्टवर १० ॲम्पिअर ओढतो. त्याला रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) हवा, बेतशीर जाडीची वायर हवी, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. फ्यूज दिव्याशी लावला आणि मधे कुठे पत्र्याच्या धारेवर वायर घासून उघडी पडली, तर तो फ्यूज कशाला उडेल? पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाची धार झाकणारं कडं) नसलेल्या गाड्या मी इतक्या पाहिल्या आहेत की बॉनेट उघडलं की नजर आधी तिथेच जाते.

वजनाकडे तर कोणी बघतच नाही. लोखंडी बंपर, विंच (रुतलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र), छतावर कॅरिअर, कॅरिअरवर दुसरी स्टेपनी. एकेक वस्तू पटते, बेरीज कोणी करत नाही. छतावरचं वजन आडव्या उतारावर गाडी कलंडवायला मदत करतं, आणि पुढे वजन वाढलं की पुढच्या स्प्रिंगा बसतात. मग त्या उचलायला पुन्हा लिफ्ट.

मला विचाराल तर पहिला खर्च चांगल्या प्रेशर गेजवर आणि छोट्या कॉम्प्रेसरवर करा. रस्त्यावर ३२-३५ पीएसआय असलेली हवा खडकाळ वाटेवर १८-२० पर्यंत उतरवली की टायरचा जमिनीला टेकलेला पट्टा लांब होतो आणि तीच गाडी वेगळी चालते. साध्या रिमवर त्याच्या फार खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटतो. डांबरावर परतलात की वेग घ्यायच्या आधी हवा भरायची. दुसरा खर्च पुढे-मागे चासीला बोल्ट केलेले, ओढायला बनवलेले मजबूत हुक. ट्रेलर जोडायला गाडीमागे असलेल्या टो-बॉलला पट्टा अडकवून गाडी ओढू नये. तो बॉल तुटला तर गोळीसारखा येतो, माणसं त्याने मेली आहेत.

सगळंच घरी करावं असा माझा हट्ट नाही. डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियन गिअरचं सेटिंग, चासीवरचं वेल्डिंग, लिफ्टनंतरचं अलाइनमेंट यासाठी मी जाणत्या माणसाकडेच जातो, आणि तो काम करत असताना शेजारी उभा राहतो. बहुतेकांना ते आवडत नाही. ज्याला चालतं, त्याच्याकडेच गाडी पुन्हा नेतो.