वेड पांघरून कुणी सुटत नाही

गेले आठ दिवस आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. 'आता पोलीस वेड्यांना तुरुंगाऐवजी दवाखान्यात नेणार. गुन्हेगार मोकाट! उद्या प्रत्येक चोर वेड पांघरून पेडगावला जाईल. वेडे हिंसक असतात, धोका आपल्याला, आणि खर्चही आपल्याच टॅक्समधून.' पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या ओळखीची भली माणसं आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

पहिला शब्दच चुकलाय, 'आता'. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा आहे आणि 29 मे 2018 पासून लागू आहे. रस्त्यावर भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण आढळला, तर त्याला फार तर 24 तासांत जवळच्या सरकारी रुग्णालयात पोहोचवायचं, लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचं नाही, असं त्याचं कलम 100 सांगतं. तो बेघर असेल तर बेपत्ता म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घेणं हेही पोलीस ठाण्याचंच काम. त्याच्याही कितीतरी आधी, 1993 मध्ये, मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता: गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. तेव्हा पश्चिम बंगालच्या तुरुंगांत अशी माणसं निव्वळ आजारी म्हणून कोंडलेली होती.

म्हणजे कलम 100 ज्यांच्यासाठी आहे, त्यांना 'गुन्हेगार' म्हणायला मुळात गुन्हाच नाही.

ज्याच्यावर खरोखर आरोप आहे त्याची वाट वेगळी, आणि ती सोपी नाही. गुन्ह्याच्या वेळी मानसिक आजारामुळे समज नव्हती, हे आरोपीलाच सिद्ध करावं लागतं. नुसतं बरळून भागत नाही. खटला समजण्याच्या स्थितीत तो नसेल तर डॉक्टरांच्या तपासणीनंतर खटला थांबतो, रद्द होत नाही. या कारणावरून निर्दोष सुटला तरी न्यायालय त्याला सुरक्षित ताब्यात ठेवतं किंवा नातेवाइकांकडून हमी घेऊन सोपवतं. पेडगावची वाट इतकी लांबची आहे.

'वेडे हिंसक असतात' हे वाचून मला सर्वांत जास्त लागलं. माझ्या मामेभावाला स्किझोफ्रेनिया आहे. एकदा तो घरातून निघून गेला आणि एका स्टेशनबाहेर लोकांनी चोर समजून त्याला बडवला. दोन रात्री तो कोठडीत होता. गोळ्या बंद पडल्या, झोप नाही, कानातले आवाज वाढलेले. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याने मामीलाही ओळखलं नाही. त्याने कुणावर हात उगारला नव्हता, मार त्यानेच खाल्ला होता. बहुतेक मनोरुग्ण हिंसक नसतात, उलट त्यांच्यावरच हात टाकला जातो. आणि ज्याला धोका म्हणता, तो अशा दोन रात्रींनी कमी होतो का?

खर्चाचं एवढंच: आर्थर रोड तुरुंगात क्षमतेच्या कितीतरी पट कैदी आहेत, त्यांत बहुसंख्य कच्चे, म्हणजे खटला अजून संपलेला नाही असे. तिथला खर्चही आपल्याच खिशातून जातो, फक्त त्यातून कुणी बरं होत नाही.

मेसेजच्या तळाशी कुणीतरी विचारलंय, 'मग यांना ठेवायचं कुठे?' हा प्रश्न मात्र खरा आहे. महापालिकेच्या केईएम, नायर, सायनमध्ये मानसोपचार विभाग आहेत, पण खाटा मोजक्या. पुढे ठाण्याचं मनोरुग्णालय, 1901 सालचं. तिथे बरे झालेलेही अडकून पडतात, कारण न्यायला कुणी येत नाही. त्यांच्यासाठी हाफवे होम, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधला निवारा, उभारणं याच कायद्याने सरकारवर बंधनकारक केलंय, आणि ते पुरेसे नाहीत. येत्या निवडणुकीत मतं मागायला जो दारात येईल, त्याला मी हेच विचारणार आहे: आपल्या वॉर्डातल्या पोलीस ठाण्यातून रात्री दोन वाजता अशा माणसाला नेमकं कुठे नेतात, आणि तिथे त्याला खाट मिळते का?