रक्ताचा थेंब अमेरिकेला जात नाही

पंधरा दिवस झाले, आमच्या यवतमाळकडच्या गावांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. सार असं: आयक्यूव्हिया ही अमेरिकन कंपनी आधी वेगळ्या नावानं धंदा करायची. पापं उघडी पडायला लागली तसं तिनं 2017 मध्ये, म्हणजे कोरोनाच्या तोंडावर, नाव बदललं. ती स्वतःच औषध बनवते, स्वतःच तपासते, स्वतःच पास करते. आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीच्या नावाखाली आशाताई घेतात ते रक्त हिलाच जातं.

माझं मेडिकल आहे. त्याआधी सहा वर्षं नागपुरात एका दवाखान्यात औषध-चाचण्यांच्या फायली सांभाळल्या. म्हणून ग्रुपवर अंगठा दाखवण्यापेक्षा एकेक मुद्दा घेतो.

नाव बदललं, हे खरं आहे. पण कसं ते पाहा. थॅलिडोमाइड नावाच्या औषधामुळे हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, त्यानंतर अमेरिकेनं 1962 मध्ये कायदा केला: औषध गुणकारी आहे हे शास्त्रशुद्ध चाचणीनं सिद्ध करा, मगच विका. चाचण्या वाढल्या, आकडेमोड वाढली आणि ती करून देणारे लोक लागायला लागले. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डेनिस गिलिंग्स यांनी 1982 मध्ये त्यासाठीच कंपनी काढली, क्विंटाइल्स. नावसुद्धा संख्याशास्त्रातलंच, आकड्यांचे पाच समान भाग करतात त्यावरून. 1994 मध्ये ती शेअर बाजारात आली, 2003 मध्ये बाजारातून बाहेर पडली, 2013 मध्ये परत आली. 2016 मध्ये तिचं औषधांच्या खपाची माहिती विकणाऱ्या आयएमएस हेल्थशी विलीनीकरण झालं आणि पाटी लागली क्विंटाइल्सआयएमएस, माहेर-सासरची दोन्ही आडनावं लावावी तशी. ते नाव उच्चारताना जीभ अडखळायची, म्हणून असेल, 2017 च्या नोव्हेंबरात आयक्यूव्हिया झालं. त्यातला आय आयएमएसचा, क्यू क्विंटाइल्सचा. तोंड लपवायचं असतं तर जुनी अक्षरं नव्या पाटीवर कोणी ठेवली असती का?

कोरोनाचं तर सोडाच. या विलीनीकरणाची घोषणा 2016 च्या मे महिन्यातली आहे.

आता "बनवते, तपासते, पास करते". यातलं एकच खरं, तपासते. औषध बनवणारी कंपनी वेगळी असते, ती पैसे देऊन चाचणीचं काम यांच्याकडे सोपवते. परवानगी भारतात केंद्रीय औषध नियंत्रक देतात, शिवाय चाचणीतल्या माणसांचं हित पाहणारी एथिक्स कमिटीही फाईल तपासते. 15 जून 2009 पासून प्रत्येक चाचणीची नोंद सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी यादीत करावीच लागते आणि ती यादी कोणालाही मोबाईलवर उघडता येते. अडाणी माणसाचा अंगठा घेताना कंपनीशी संबंध नसलेला साक्षीदार पहिल्यापासून शेवटपर्यंत बसवावा लागतो. साक्षीदाराला घरी जायची घाई झाली म्हणून दुपारचा सगळा सोपस्कार दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून केल्याचं मला आठवतं. साहेब चिडले होते.

म्हणून हा धंदा धुतल्या तांदळासारखा आहे असं माझं म्हणणं नाही. ज्याची चाचणी, त्याचाच पैसा, ही त्यातली मूळ गोम आहेच. हैदराबादच्या जीव्हीके बायोसायन्सेस या चाचण्या करणाऱ्या कंपनीत ईसीजीमध्ये फेरफार आढळले, तेव्हा 2015 मध्ये युरोपच्या औषध संस्थेनं तिथल्या चाचण्यांवर मंजूर झालेली सुमारे 700 औषधं थांबवण्याची शिफारस केली. आपल्याकडे स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेनं सर्वोच्च न्यायालय गाठलं, तेव्हा कुठे 2013 पासून नुकसानभरपाईचे नियम कडक झाले. भीती उगाच आलेली नाही. पण मेसेज लिहिणाऱ्याला यातलं काहीच माहीत नाही, त्यानं नुसतं नाव धरलं.

खरं झोंबणारं तर त्याच्या नजरेतूनच सुटलं. आयएमएस 1954 पासून कोणतं औषध किती खपतं याचा हिशेब गोळा करून विकते. अमेरिकेत कोणता डॉक्टर काय लिहितो ही माहिती विकण्यावर व्हरमाँट राज्यानं बंधन घातलं होतं. आयएमएस कोर्टात गेली आणि 2011 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायदाच रद्द केला. माझ्या दुकानातल्या पट्ट्यांचा खपही स्टॉकिस्टकडून असल्याच हिशेबात जातो. पेशंटचं नाव जात नाही, पण जातं ते मला एक पैसाही न मिळता जातं.

उरलं रक्त. शेजारच्या काकू परवा काउंटरवर हात टेकून म्हणाल्या, "आमच्या पोरीचं रक्त इमानात बसून जाते म्हन्ते ना बाप्पा!" आशाताई आल्या तेव्हा त्यांनी नातीला आत कोंडलं होतं. त्यांना सांगितलं: बोटाला टोचून थेंबभर रक्त नळीतल्या पाण्यासारख्या औषधात टाकतात. नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसल्या तर ठीक. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जातो, कारण मुलगी नुसती वाहक आहे (म्हणजे स्वतः आजारी नाही, पण लेकरांना आजार देऊ शकते) की आजारी, हे या नळीवरून कळत नाही. काम सरकारच्या आरोग्य खात्याचं, मोहीम 2023 पासूनची. कंपनीचा त्यात संबंध नाही.

"वाहक निंगाली तं लगन मोडन का?"

मोडायचं कारण नाही, मी म्हटलं. पोरगा वाहक किंवा आजारी नसला म्हणजे झालं. दोघंही वाहक निघाले तर मात्र प्रत्येक बाळंतपणात चारात एक लेकरू आजारी होण्याची शक्यता असते. काकू जरा वेळ गप्प राहिल्या, मग पिशवीतून मोबाईल काढून विचारलं, "आशाताई शुक्रवारी येते का शनिवारी?"