बरोबरीवर बंदी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बुद्धिबळातल्या झटपट बरोबरींवरच्या माझ्या लिखाणावर एवढी सविस्तर आणि तिखट प्रतिक्रिया लिहिलीत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पंधरा चालींत बरोबरी मान्य करून, हात मिळवून उठणारे ग्रँडमास्टर प्रेक्षकांना फसवतात आणि मी त्यांची वकिली करतो. बरोबरीचा प्रस्ताव ठेवायलाच बंदी घातली, वर रेटिंगही (खेळाडूच्या ताकदीचे गुण) कापलं, की सगळे सुतासारखे सरळ होतील.

फसवणूक होते, यावर आपलं दुमत नाहीच. 1962च्या कुरासाव इथल्या कँडिडेट्समध्ये (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) पेत्रोस्यान, केरेस आणि गेलर यांनी आपापसातले बाराच्या बारा डाव बरोबरीत सोडवले. फिशरने त्यावर जाहीर आरोप केले आणि त्यात तथ्य होतं. पण उपाय कोणता लागू पडला? तीस चालींच्या आत संमतीने बरोबरी नको, असा नियम फिडेने (जागतिक बुद्धिबळ महासंघाने) त्याच काळात करून पाहिला. तो टिकला नाही. कँडिडेट्समध्ये साखळी बंद करून दोघादोघांचे बाद फेरीचे सामने आले, तेव्हा मात्र ती वाट बुजली. दोघांपैकी एकच पुढे जाणार असेल तर संगनमत करून करायचं काय?

2005 साली सोफियाच्या स्पर्धेत खेळाडूंनी एकमेकांपुढे प्रस्ताव ठेवायचाच नाही, असं ठरलं. तुम्हाला हेच सगळीकडे हवंय. आता बर्लिन बचाव या सुरुवातीतली चालींची ती प्रसिद्ध ओळ आठवा. पांढरा वजीर ई4 वरून शह देतो, काळा वजीर ई6 वर आडवा येतो. मग एक डी4 वर, दुसरा डी6 वर, आणि पुन्हा तेच. चौदाव्या चालीला तीच स्थिती तिसऱ्यांदा पटावर, आणि नियमाने तेवढ्यावर बरोबरी मागता येते. कोणी तोंडातून शब्द काढलेला नाही, प्रस्ताव ठेवलेला नाही. पंचाने कोणाला धरायचं?

समरकंदला 2023च्या जागतिक ब्लिट्झमध्ये (अतिजलद डावांची स्पर्धा) दुबोव आणि नेपोम्नियाशी यांनी तेरा चालींत नुसते घोडे नाचवले, तेव्हा पंचांनी दोघांनाही शून्य दिलं. ठीकच केलं. पण त्या दोघांनी गंभीर चेहऱ्याने हीच बर्लिनची ओळ खेळली असती तर अर्धा-अर्धा गुण निमूटपणे मिळाला असता. म्हणजे शिक्षा झाली ती उघड थट्टेची.

फुटबॉलसारखे विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एक, हा उपाय तुम्ही जाता जाता सुचवलात. 2008 पासून बिल्बाओच्या स्पर्धेत तो वापरला गेला. पण जिथे प्रत्येकाशी दोन डाव असतात तिथे गणित करून पाहा. दोन्ही डाव बरोबरीत सुटले तर प्रत्येकी दोन गुण. एकेक डाव वाटून घेतला तर प्रत्येकी तीन. ज्यांना संगनमतच करायचंय त्यांना आपण दीडपट बक्षीस देऊ केलं! शिवाय ठरवून हरलेला डाव ओळखणं पंधरा चालींची बरोबरी ओळखण्यापेक्षा कितीतरी अवघड.

तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम दाखला तुम्ही दिलाच नाहीत, तो मीच देतो. 2024, सिंगापूर, जगज्जेतेपदाची गुकेश-डिंग लढत, चौदावा डाव. चाळीस चालींआधी संमतीची बरोबरी नाही, असा नियम तिथे होता. शेवट रटाळ दिसत होता, बहुतेकांनी टायब्रेक (लढत बरोबरीत राहिली तर खेळायचे जलद डाव) गृहीत धरला होता. पण चाळीस चाली उलटून गेल्यावरही गुकेश खेळत राहिला आणि 55व्या चालीला डिंगचा हत्ती एफ2 वर गेला; ही घोडचूक ठरली आणि डिंग हरला. नियमाने त्याला तिथवर खेळायला लावलं नव्हतं. उलट 2018च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसनने कारुआनाविरुद्धच्या बाराव्या डावात, स्थिती आणि घड्याळ दोन्ही आपल्या बाजूने असताना, 31व्या चालीला बरोबरी सुचवली आणि मग टायब्रेकच्या रॅपिड (जलद) डावांत 3-0 ने जिंकला. ज्याला जलद डावांत आपण वरचढ आहोत हे ठाऊक आहे, त्याला तो टायब्रेकच बरोबरीकडे ढकलतो.

म्हणून मला नॉर्वेच्या स्पर्धेची पद्धत जास्त पटते. 2019 पासून तिथे क्लासिकल (संथ वेळेचा) डाव बरोबरीत सुटला की लगेच आर्मागेडन, म्हणजे एक निर्णायक जलद डाव. लवकर उठलात तरी खोलीवर जाऊन झोपता येत नाही.

राहिलं रेटिंग कापणं. ते आत्ताही कापलं जातंच. आपल्यापेक्षा दोनशे गुणांनी खाली असलेल्याशी बरोबरी केली तर ग्रँडमास्टरचे अडीच गुण सहज जातात, मग चाली पंधरा असोत की दीडशे.